बारा पॉइंट सहा

सोहारमध्ये थंडी म्हणजे फिरायचा मोसम.
डिसेंबर लागला की लोक गाड्या बाहेर काढतात,
वादीतून, डोंगरातून, पार खसबपर्यंत जाऊन येतात.
झाकून ठेवायचं ते उन्हाळ्यात.
निझाम मुकादमचं सगळं उलट.
ऐन थंडीत त्याची गाडी ताडपत्रीखाली गेली
आणि तो गेला दाभोळला,
तिथून पुढे छाती उघडून घ्यायला.

टॅक्सी दारात उभी, आणि हा मला शिकवतोय :
काढताना आधी काळी, मग लाल.
लावताना आधी लाल, मग काळी.
चुकलास तर ठिणगी उडेल, मरायचा नाहीस,
पण मला कळेल.
पंधरा दिवसांनी एक रात्र चार्जरवर ठेव.
टोकांना व्हॅसलीन लाव,
ही समुद्राची हवा, पांढरी भुकटी धरते.
सकाळी मीटर लावून आकडा पाठव.
बाराच्या खाली जाऊ देऊ नकोस.
एकदा गेली की मग चार्ज घेते,
पण धरत नाही.

मी मान हलवली.
बॅग त्याने मला उचलू दिली, पहिल्यांदाच.

मला गाडी चालवता येत नाही.
मी बंदरावरचा स्टोअरकीपर,
नट, बोल्ट, हातमोजे, जोड्या मोजतो.
आलेलं लिहितो, गेलेलं लिहितो.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडायची,
ताडपत्रीवरची मांजर उठवायची, ती उठायची नाही,
मग तिच्या बाजूने हात घालायचा.
लाल दिवा. भांडी घासून होईतो लाल.
पहाटे ड्यूटीला निघताना हिरवा.

१२.७
१२.६
शमाल सुटला त्या आठवड्यात १२.५
त्याचं उत्तर दर वेळी एक अंगठा.
एकदाच चार शब्द :
आज जिना चढलो. अर्धा.

फेब्रुवारीत मुलाचा फोन.
काका, अब्बांना आता परत नाही पाठवणार आम्ही.
गाडीला कुणी गिऱ्हाईक बघा.
त्यांना एवढ्यात सांगू नका.

सहमचा नासर आला, विशीतला पोरगा,
टायर दाबले, साखळी पाहिली, किल्ली फिरवली.
एका बोटात सुरू झाली.
मांजर कुंपणावरून पलीकडे.
बॅटरी नवीन टाकली? त्याने विचारलं.
नाही म्हटलं, सांभाळलेली आहे.
सीट उचलली तेव्हा खाली प्लास्टिकमध्ये कागद होते,
विक्रीचे, निझामच्या सहीचे.
तारखेची जागा तेवढी कोरी.

हे मी मुलाला सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी मेसेज आला : किती?
शेडमध्ये तेलाचा एक डाग होता, बाकी काही नाही.
त्या डागाशेजारी उभा राहून मी टाइप केलं, १२.६
अंगठा.
पुन्हा पंधरा दिवसांनी, १२.६
अंगठा.
तिसऱ्यांदा त्याने फोनच केला.
आवाज बारीक झालेला, पण शिव्या शाबूत.
बॅटरी आहे रे ती, तुझा पगार नाही,
दर वेळी तोच आकडा कसा?
मी म्हटलं, हवा बदलली नाही म्हणून असेल.
त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. एक. दोन.
मग म्हणाला, पुढच्या वेळी नीट बघ.

आता मी नीट बघतो.
रात्री अंगणात थांबून गारवा किती ते पाहतो,
वारा समुद्राकडून की वाळवंटाकडून ते पाहतो,
आणि मग ठरवतो.
आयुष्यभर खोटी नोंद केली नाही मी,
एक वॉशर इकडचा तिकडे नाही.
काल पाठवलं, १२.५५

बराच वेळ काही नाही.
मग आलं : आता बरोबर वाटतंय.
आणि खाली : उन्हाळा येतोय, पाणी बघत जा.
डिस्टिल्ड. नळाचं घालू नकोस.

आज येताना बाटली आणली.
खिडकीत ठेवली आहे, वायरच्या शेजारी.